सोसायटी म्हटलं की कर्ज आठवतं. पण गणिताचीही सोसायटी असते! ती नेमकं काय करते, गावातल्या पोरांना तिचा काय उपयोग?

औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर) : जून महिना लागला की औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. पैठण, कन्नड, फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर तालुक्यांतून आलेले पालक वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढं उभे असतात. कुणाचं जिल्हा परिषदेत काम असतं, कुणाला गुलमंडीवर कापड घ्यायचं असतं. जाता जाता पोराचं पुस्तक घेऊन टाकायचं. दुकानदाराला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच, "गणिताचं चांगलं गाईड द्या, पोरगं गणितातच मार खातंय."

गाईडानं दहावीचा पेपर निघतो. पण पोरगं गणितात मार का खातं, मास्तरांनी ते कसं शिकवावं, आणि एखादं पोरगं खरंच हुशार असेल तर त्याला पुढं कुठं न्यावं, याची उत्तरं गाईडात नसतात. ती शोधण्यासाठी गणिताच्या लोकांनी शंभराहून जास्त वर्षांपासून संस्था काढल्यात. इंग्रजीत त्यांना 'मॅथेमॅटिकल सोसायटी' म्हणतात. आपल्या शहरात 'मराठवाडा मॅथेमॅटिकल सोसायटी' आहे, हे मात्र गावात फारसं कुणाला माहीत नसतं.

सोसायटी म्हणजे काय भानगड?

खेड्यात सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी. पीककर्ज, खत, मार्चएंडची वसुली आणि निवडणुकीत दोन पॅनल. गणिताच्या सोसायटीचा सांगाडा तसा फार वेगळा नाही. सभासद असतात, ते वर्गणी भरतात, कार्यकारिणी असते, वार्षिक सभा होते. फरक एवढाच की इथं पैशाऐवजी ज्ञानाची देवघेव चालते. सभासद म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक, शाळेतले शिक्षक, संशोधक, काही ठिकाणी विद्यार्थीसुद्धा. एकाला अडलेलं दुसरा सोडवून देतो, एकानं शोधलेलं बाकीच्यांना छापून कळवलं जातं.

मराठवाड्याच्या सोसायटीचं 'बुलेटिन' २००० सालापासून निघतं. वर्षाला दोन अंक, एक जूनचा आणि एक डिसेंबरचा. त्यात संशोधनाचे लेख असतात, तेही इंग्रजीत आणि वरच्या पातळीचे. सातवीच्या पोराला किंवा त्याच्या बापाला त्यातलं अक्षर कळणार नाही, हे खरं आहे. पण जालन्याच्या किंवा बीडच्या एखाद्या तालुक्यातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आपलं काम छापायला पुण्या-मुंबईकडंच बघावं लागत नाही, ही गोष्टही लहान नाही. कॉलेजचा प्राध्यापक गणितात जिवंत राहिला तर त्याच्या हाताखालून बी.एस्सी. होऊन बाहेर पडणारा शिक्षकही बरा निघतो, आणि तोच शिक्षक उद्या आपल्या गावच्या शाळेवर येतो.

सुरुवात एका डेप्युटी कलेक्टरनं केली

देशातली सगळ्यात जुनी अशी संस्था म्हणजे 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'. ती १९०७ मध्ये सुरू झाली. गंमत म्हणजे ती काढणारे व्ही. रामस्वामी अय्यर हे काही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. ते मद्रास इलाख्यात महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते. दिवसभर सातबाऱ्यासारखी कागदपत्रं बघायची आणि रात्री गणित, असा माणूस. त्या काळी परदेशातली गणिताची मासिकं महाग, एकट्याला परवडत नसत. त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांना लिहिलं की सगळ्यांनी मिळून वर्गणी काढू, पुस्तकं-मासिकं मागवू आणि आळीपाळीनं टपालानं एकमेकांकडं पाठवू. म्हणजे पाळीपाळीनं विहिरीचं पाणी घेतात, तसं.

या संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. सुरुवातीला तिचं ग्रंथालयही पुण्यातच, फर्ग्युसन कॉलेजात होतं. कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी त्याला आसरा दिला. हे परांजपे कोकणातल्या दापोलीकडच्या मुर्डी गावचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकानं पास झाले होते.

संस्थेनं मासिक काढलं. त्यात 'प्रश्न' असं एक सदर होतं, कुणीही गणित टाकायचं आणि कुणीही सोडवून पाठवायचं. १९११ मध्ये तिथं एका बेकार पोराचं गणित छापून आलं. वर्गमुळाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत आणखी वर्गमूळ, अशी न संपणारी साखळी, तिची किंमत किती? महिन्यांमागून महिने गेले, कुणाला उत्तर जमलं नाही. शेवटी त्या पोरानंच सांगितलं, उत्तर ३. तो श्रीनिवास रामानुजन. त्याचा पहिला मोठा लेखही त्याच साली याच मासिकात आला. तो कॉलेजात नापास झालेला होता, नोकरी मागायला रामस्वामी अय्यरांकडं गेला होता. अय्यरांनी वह्या बघितल्या आणि त्याला कारकुनीत न अडकवता गणिताच्या लोकांकडं पाठवलं. संस्थेचं मासिक नसतं तर त्या वह्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न आपल्यालाही पडतो.

याच संस्थेचं 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' हे दुसरं नियतकालिक १९३३ पासून निघतं.

देवळालीचे मास्तर

हे सगळं मोठ्यांचं झालं, शाळेच्या मास्तरांचं काय? त्यासाठी लांब जायला नको, नाशिकजवळच्या देवळालीत जाऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे तिथं शाळेत शिकवायचे, १९३० पासून १९६२ पर्यंत. पीएच.डी. नाही, मोठी पदवी नाही. आकड्यांचा नाद मात्र जबरी.

त्यांचं एक गणित चहा पिता पिता करून बघता येतं. कुठलाही चार आकडी अंक घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. समजा ३५२४. त्यातले आकडे मोठ्याकडून लहानाकडं मांडा, ५४३२. मग उलटे, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढं किती वेळा करा, ६१७४ च येणार. कुठल्याही अंकापासून सुरू करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथंच पोचाल.

कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. अनेकांनी त्यांना फारसं मोजलं नाही, आकड्यांचे खेळ म्हणून सोडून दिलं. पण परिषद होती म्हणून त्यांना मांडायला जागा तरी मिळाली. पुढं १९७५ मध्ये अमेरिकेतले लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. आज ६१७४ ला सगळीकडं 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. शाळामास्तराला प्राध्यापकांच्या शेजारी बसून बोलता येतं, अशा संस्थांचा हा एक मोठा फायदा. आपल्याकडं तो अजून पुरता वापरला गेलेला नाही.

वर्गात याचा उपयोग काय?

शिक्षकांच्या संघटना कार्यशाळा घेतात तेव्हा तिथं काय चालतं, हे पालकांनाही समजायला हरकत नाही. तिथला मुख्य विषय असतो पोरं चुकतात कशी. उदाहरण घ्या. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? वर्गातली कितीतरी लेकरं उत्तर लिहितात, दोन छेद पाच. वरचं वर मिळवलं, खालचं खाली मिळवलं, झालं. मास्तर फुली मारतात, पोरगं पुढच्या वेळी पुन्हा तेच करतं. कारण फुलीनं 'चूक आहे' एवढंच कळतं, 'का चूक आहे' ते कळत नाही.

आता हेच शेतात आणा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे. एक तृतीयांश एकर म्हणजे १३ गुंठे आणि वर एक तृतीयांश गुंठा. दोन्ही मिळून ३३ गुंठ्यांच्या वर जातं. आणि दोन छेद पाच एकर म्हणजे किती? १६ गुंठे! म्हणजे आधी २० गुंठे होते, त्यात आणखी रान मिळवलं आणि झाले १६? शेतकऱ्याचं कोणतंही पोरगं इथं हसतं. चूक त्याची त्यालाच दिसते. बरोबर उत्तर पाच छेद सहा, हे मग त्याच्या डोक्यात बसतं. अशी उदाहरणं एका मास्तराला सुचतात, कार्यशाळेत ती चाळीस मास्तरांना मिळतात.

गुंठ्याचाच विषय निघाला म्हणून सांगायचं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हा १०८९ पण मजेशीर आकडा आहे. तीन आकडी अंक घ्या, पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात किमान दोनाचा फरक हवा. ७३२ घ्या. उलटा करा, २३७. वजा करा, ४९५. तो उलटा करून त्यातच मिळवा, ४९५ अधिक ५९४. आले १०८९. दरवेळी गुंठाच निघतो! असं का होतं, हे आठवीच्या पोराला बीजगणितानं सिद्ध करता येतं. पारावर बसलेल्यांनाही करून बघता येईल.

भाषेचा प्रश्नही असाच. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. त्यामुळं लहान पोरं २५ ऐवजी ५२ लिहून बसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धतही दिली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळात चेष्टा झाली, मोबाईलवर विनोद फिरले. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लेकरांना सोपं जावं. पटो न पटो, पण हा वाद गणित शिकवणाऱ्यांनी वर्गातल्या अनुभवावर बसून करायचा होता. तो झाला टीव्हीवर. शिक्षकांच्या संघटना बळकट असल्या की अशा वेळी त्यांचं मत पुढं येतं, नाहीतर मग ज्याला त्याला वाटेल ते.

आपल्याच मातीतला जुना दाखला

गणित शिकवण्यासाठी संस्था काढणं ही इंग्रजांची देण आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला जावं. गौताळा अभयारण्याच्या पलीकडच्या अंगाला हे ठिकाण आहे. लोक देवीला जातात, दर्शन घेतात, परत येतात. पण इथल्या एका शिलालेखात गणिताचा इतिहास आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी ११५० मध्ये लिहिला, 'लीलावती' त्याचाच भाग. त्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटण इथं मठ काढला, आणि त्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यानं त्याला दान दिलं. लेख शके ११२८ चा, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात हा लेख उजेडात आणला. गणिताच्या शिक्षणासाठी दान देऊन ते दगडावर कोरून ठेवलं, एवढी त्याची किंमत होती.

औरंगपुऱ्याचाही एक धागा आहे. इथल्या सरस्वती भुवन संस्थेचा कारभार अनेक वर्षं पाहणारे गोविंदभाई श्रॉफ सगळ्यांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून माहीत आहेत. पण ते मुळात गणिताचे. कलकत्त्याला त्यांनी गणितात एम.एस्सी. केलं आणि औरंगाबादेत शिक्षकी केली. संस्था १९१५ ची, निजामाच्या काळातली. त्या काळात इथं मराठी शिक्षणाचीच मारामार होती, गणित तर लांबच.

परीक्षा : खऱ्या कोणत्या, नावापुरत्या कोणत्या?

पालकांचा खरा गोंधळ इथं होतो. 'ऑलिम्पियाड' हा शब्द आता कुणीही वापरतं. खासगी कंपन्या शाळेत येतात, फी घेतात, परीक्षा होते आणि निम्म्या वर्गाला मेडल मिळतं. फोटो स्टेटसला लागतो. त्यात वाईट काही नाही, सराव होतो. पण देशाचा संघ निवडणारी परीक्षा ती नव्हे.

ती परीक्षा वेगळी. तिचा पहिला टप्पा म्हणजे 'इंडियन ऑलिम्पियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स', थोडक्यात आयओक्यूएम. ती 'मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन (इंडिया)' ही शिक्षकांचीच संघटना घेते. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक असतो. प्रश्न दोन, तीन आणि पाच गुणांचे. अलीकडं ही परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला एखाद्या रविवारी होते. त्यातून निवडलेली पोरं विभागीय परीक्षेला, मग राष्ट्रीय परीक्षेला, मग शिबिराला जातात आणि शेवटी सहा जणांचा संघ परदेशी जातो. मुंबईतलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पुढचे टप्पे बघतं. भारत १९८९ पासून या स्पर्धेत आहे, १९९६ मध्ये ती मुंबईतच भरली होती, आणि २०२४ मध्ये आपल्या पोरांनी चार सुवर्णपदकं आणून देशाला चौथ्या नंबरवर नेलं.

प्रश्न कसे असतात? समजा असं विचारलं, की शंभर वेळा ७ लिहून त्या सगळ्यांचा गुणाकार केला तर येणाऱ्या अवाढव्य संख्येचे शेवटचे दोन आकडे कोणते? कॅल्क्युलेटरही हात टेकतो. पण कागदावर बघा: ०७, ४९, ४३, ०१, आणि मग पुन्हा ०७, ४९, ४३, ०१. चाराची रांग आहे. शंभराला चारनं भाग जातो, म्हणून उत्तर ०१. सूत्र नाही, क्लास नाही, फक्त नीट बघायचं. असं बघणारं पोरगं वाडीवस्तीवरही असतं. अडचण एकच, परीक्षेची नोंदणी कधी झाली आणि संपली हे त्याच्या शाळेला कळतच नाही.

नावावरून आणखी एक घोळ. चेन्नईला 'असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया' नावाची दुसरी संघटना आहे, १९६५ ची. तिचीही वेगळी परीक्षा आणि मासिकं आहेत. दोन्ही खऱ्या, पण दोन्ही एक नव्हेत.

इथं महाराष्ट्रात गणित अध्यापकांची मंडळं संबोध, प्राविण्य, प्रज्ञा अशा नावांच्या परीक्षा घेतात, त्या मराठीतून देता येतात आणि लहान पोरांना सुरुवात करायला त्याच बऱ्या. पुण्यात डॉ. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये काढलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्थाही शाळेतल्या पोरांसाठी स्पर्धा आणि वर्ग घेते.

पैशाची मदत पाहिजे असेल तर मात्र सरकारी एनएमएमएस परीक्षा विसरू नका. ती आठवीत असते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. गणिताचेही प्रश्न त्यात असतात.

बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 'माधव गणित स्पर्धा' पुण्याच्या स. प. महाविद्यालयानं होमी भाभा केंद्राच्या साथीनं सुरू केली. आणि १९९३ पासून उन्हाळ्यात 'एमटीटीएस' नावाचं शिबिर असतं, प्रा. एस. कुमारेसन यांनी सुरू केलेलं. तिथं पाठांतर चालत नाही, पोरांना प्रश्न विचारून विचारून हैराण करतात. जाऊन आलेली पोरं बदलून येतात, असं प्राध्यापक सांगतात.

अडतं कुठं

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. सोसायट्यांचं बरंचसं काम इंग्रजीत आणि विद्यापीठाच्या आसपास चालतं. दोन शिक्षकी शाळेचा गुरुजी चार वर्ग एकदम सांभाळतो, वर जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी. त्याला शहरातल्या व्याख्यानाला कोण सोडणार? आणि सोडलं तरी शाळेला कुलूप लागतं. म्हणून व्याख्यान तालुक्याला आलं पाहिजे. तालुक्याच्या कॉलेजात गणित विभाग असतो. त्याला शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीनं पत्र देऊन बोलावलं, तर २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाला एखादा प्राध्यापक दुपारभर गावात यायला सहसा नाही म्हणत नाही. खर्च म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि चहा.

पालकांनी कुठं विचारायचं?

पोरगं आठवीत किंवा पुढं असेल आणि गणितात रमत असेल, तर शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. आयओक्यूएमसाठी आपली शाळा नोंदणी करते का, नसेल तर जवळचं केंद्र कोणतं? अध्यापक मंडळाच्या परीक्षेचे फॉर्म कधी येतात? आणि एनएमएमएसला कुणाकुणाचं नाव घेतलंय? आयओक्यूएमची माहिती शिक्षक संघटनेच्या आणि होमी भाभा केंद्राच्या वेबसाईटवर मिळते, मागच्या वर्षांचे पेपरही तिथं फुकट उतरवून घेता येतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, त्यामुळं मराठी शाळेतल्या पोराला गणिती शब्दांची ओळख आधीपासून करून द्यावी लागते. पोरीचं नाव फॉर्मवर घालायला विसरू नका, एवढं मुद्दाम सांगावं लागतं. उतरवलेला पेपर झेरॉक्स करून आणला तर मोबाईल पोराच्या हातात द्यायचीही गरज पडत नाही.